नकोला इंग्रजीत काय म्हणतात

गल्लीत त्यांना सगळे येसबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे येसबाई. त्यांना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. उलट मनातून जरा बरंच वाटायचं. खालच्या दुकानातल्या किल्लीवाल्याला शेंबडी पोरंसुद्धा ‘ए किल्ली’ म्हणून हाक मारत, त्यामानानं येसबाईला एक वजन होतं.

नाव पडलं होतं ते त्यांच्या पहिल्या धड्यावरून. नवरा परदेशात कामाला आणि बायको इकडे, अशा बायका त्यांच्याकडे यायच्या. तिकडे नवऱ्याजवळ जाऊन राहायचं तर इंग्रजीची एक परीक्षा पास व्हावी लागे. परीक्षा सगळ्यात खालच्या पायरीची, अगदी बाळबोध. नाव सांगा, घरी कोण कोण आहे सांगा, चित्रात काय दिसतं ते सांगा, विचारलेलं ऐकून उत्तर द्या, झालं. पण जिनं परक्या माणसापुढे आपल्या भाषेतसुद्धा कधी तोंड उघडलेलं नाही, तिला बंद खोलीत परीक्षकासमोर एकटीला बसवलं की तिची दातखीळ बसणारच. म्हणून बाईंचा पहिला धडा असा, की प्रश्न कळो न कळो, आधी हसून ‘येस’ म्हणायचं. येस म्हणेपर्यंत डोकं ताळ्यावर येतं आणि पुढचं पाठ केलेलं वाक्य आपसूक जिभेवर येतं.

“थांबलात की संपलात,” बाई पट्टी टेबलावर आपटून सांगत. “चुकलात तर थोडे मार्क जातील. गप्प बसलात तर सगळेच जातील. मूग गिळून बसायला घर आहे की तुमचं!”

वर्ग म्हणजे किल्लीवाल्याच्या डोक्यावरची एक खोली. जिना अरुंद, वळणावर डोकं आपटायचं. आत दोन बाकं, एक फळा, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला उभा आरसा. आरसा कशाला, तर हसण्याचा सराव करायला. प्रत्येकीनं आरशासमोर बसून स्वतःलाच सांगायचं, माय नेम इज अमुक, आय ॲम व्हेरी हॅपी, माय हजबंड इज अ गुड मॅन. खाली किल्ल्या घासायचं यंत्र किर्र करून सुरू झालं की खोलीची जमीन पायाखाली थरथरायची, आणि बायका आवाज चढवून हॅपी व्हायच्या. ऐकणाऱ्याला ही पोपटपंची वाटे, आणि होतीही ती पोपटपंचीच. बाई कधी नाकारत नसत. पोपट पिंजऱ्याबाहेर गेल्याशी मतलब, असं म्हणायच्या.

आणि पोपट जायचे. बाईंकडची बाई नापास झाली असं सहसा व्हायचं नाही. एक गोलमटोल, हसऱ्या तोंडाची बाई होती. तिला परीक्षकानं ‘हाऊ आर यू’ विचारलं, तर घाबरून दोन प्रश्नांची उत्तरं तिनं एकात कोंबली. “येस, थँक यू, टू,” म्हणाली. टू म्हणजे मुलं. परीक्षक खो खो हसला आणि ती पास झाली. तेव्हापासून ती सगळ्यांची टूताई. आता तिकडे एका इस्पितळात झाडूपोछा करते, अधूनमधून बाईंना फोन करते आणि प्रत्येक वेळी सुरुवात तीच करते, “येस बाई, मी टू!”

भिंतीवर काचेत लावलेलं एक प्रमाणपत्र होतं. नव्या बायकांना वाटे, मोठी पदवी असेल. ते याच परीक्षेचं होतं. बाई स्वतः तरुणपणी ती पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. नवरा तिकडे गोदामात होता. कागद तयार करतो म्हणाला. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग बाईच करायच्या आणि पलीकडे वाजत राहायचं. शेवटी त्याच्याच मित्रानं खाली मान घालून सांगितलं, की त्यानं तिकडे दुसरं घर केलंय. बाईंनी कुणाजवळ रडगाणं गायलं नाही. “पेपर पास झाला, नवरा नापास झाला,” एवढंच म्हणायच्या, आणि हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की लोकांना तो विनोदच वाटू लागला. शेजारणी विचारायला यायच्या, तू कशी पास झालीस गं, आमच्या सुनेला सांग ना. तसा वर्ग सुरू झाला. आपण गेलो नाही, निदान बाकीच्यांना धाडू. त्यांच्या मनात तिकडे जाणं म्हणजे सुटणं, एवढं एकच गणित पक्कं बसलं होतं. दुरून डोंगर साजरे हे त्या दुसऱ्यांना ऐकवत, स्वतःला कधी ऐकवलं नाही.

ती मुलगी आली तिच्या सासूबरोबर. सासू पुढे, मुलगी दोन पायऱ्या मागे. सासूनं बाकावर बसायच्या आधीच तक्रार मांडली.

“दोनदा नापास झालीय, बाई. दोनदा! येत नाही असं नाही हो, घरी सगळं घडाघडा म्हणते. तिथे जाते आणि पुतळा होते. परीक्षक विचारतोय, विचारतोय, ही नुसती बघतेय. माझा मुलगा तिकडे हातानं करून खातोय. माणसानं लग्न कशाला केलं मग?”

“होईल पास,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे दगडालाही पाझर फुटतो.”

“फुटू दे एकदाचा. आम्ही तर हिला मुकीच म्हणतो.”

मुलगी हसली नाही, रागावलीही नाही. लग्नाआधी ती एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची, तेवढं सासूनंच सांगितलं. तिचं डावं मनगट जरा वाकडं बसलेलं होतं. बाईंची नजर गेली तशी सासू म्हणाली, “जिन्यावरून पडली. लग्नानंतर मुलगा महिनाभर इथे होता ना, तेव्हाच. धांदरट आहे पहिल्यापासून.”

बाईंनी बरंच आयुष्य पाहिलं होतं. जिन्यावरून पडणाऱ्या बायका त्यांच्या वर्गात याआधीही येऊन गेल्या होत्या. मनात काहीतरी टोचलं, पण खाली किल्ल्यांचं यंत्र सुरू झालं, बायका आरशासमोर हॅपी होऊ लागल्या, आणि बाईंनी मुकीला पहिल्या बाकावर बसवलं.

शिकवायला लागल्यावर त्या चकित झाल्या. या मुलीला मुकी म्हणणाऱ्यांच्या कानांची तपासणी करायला हवी होती. एकदा ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं म्हणे, सुरासकट. बाईंच्या फोनवर रेकॉर्ड केलेला परीक्षक जिथे श्वास घ्यायचा तिथे तीही घ्यायची. चित्रातली बाग, बाक, कुत्रा, फुगेवाला, सगळं चोख. पण खोटी परीक्षा घेतली, बाई टेबलापलीकडे चष्मा लावून परीक्षक होऊन बसल्या आणि विचारलं, “टेल मी अबाउट युवर हजबंड,” की ती गप्प. ओठ मिटलेले, नजर सरळ. घाबरलेल्या बाईचे डोळे भिरभिरतात, हिचे स्थिर असत. हा अडाणीपणा नव्हे, हा हट्ट आहे, हे बाईंना दुसऱ्याच दिवशी कळलं. कळूनही त्या पट्टी आपटत राहिल्या, कारण हट्टी विद्यार्थ्याला वळवणं हीच तर त्यांची खासियत होती.

सासू रोज बाहेर जिन्यात खुर्ची टाकून बसायची. एके दिवशी तिची दाढ ठणकायला लागली आणि ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. बाकीच्या बायका निघून गेल्या, मुकी मागे राहिली. फळा पुसायचं फडकं तिनं बाईंच्या हातातून घेतलं, अर्धा फळा पुसला आणि तशीच पाठमोरी म्हणाली, “बाई, एक विचारू? नकोला इंग्रजीत काय म्हणतात?”

एवढं सलग वाक्य बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. “नो,” त्या म्हणाल्या.

“नो म्हणजे नाही ना?”

“तेच. नाहीलाही नो, नकोलाही नो.”

मुलीनं वळून पाहिलं. “दोन्हीला एकच? असं कसं? घरात साखर नाही, ते नाही. साखर आहे, समोर ठेवलीय, पण मला नको, ते नको. दोन्हीला एकच शब्द असेल तर तिकडच्या माणसाला कळतं कसं, की आपल्याकडे नाहीये की आपल्याला नकोय?”

बाई इतकी वर्षं शिकवत होत्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं. परीक्षेत नको कुठे येतच नाही. परीक्षेत सगळ्यांना सगळं हवं असतं.

“मग असं कर,” बाई म्हणाल्या, “नो, थँक यू म्हण. कुणी चहा विचारला आणि नको असला तर तिकडे नो, थँक यू म्हणतात.”

“आणि चहा नसला तर?”

“म्हणजे?”

“दुसरं काही असलं तर. हात उगारलेला असला तर.”

खालचं यंत्र बंद होतं. मुलीनं फडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि वाकडं मनगट पोटाशी धरलं. मग अगदी हळू, कुणाला तरी दुकानाचा पत्ता विचारावा तशी म्हणाली, “बाई, मला नापास व्हायचंय. यावेळी तुम्ही येऊ नका मध्ये. तिसऱ्यांदा नापास झाले की सोडून देतील माझा नाद.”

“आणि मग? कुठे जाशील?”

“माहीत नाही.”

“माहेरी कोण आहे?”

“भाऊ आहे. तो म्हणतो, दिल्या घरी सुखी राहा.” ती किंचित हसली. “त्याचं इंग्रजी काय तेही सांगून ठेवा.”

इथे बाईंनी थांबायला हवं होतं. थांबलात की संपलात, हे परीक्षेपुरतं ठीक, पण माणसानं कधीतरी थांबावं. त्या थांबल्या नाहीत. त्यांना त्या मुलीत स्वतःचं रिकामं घर दिसलं, वाजत राहिलेला फोन ऐकू आला. नवरा न्यायला तयार आहे आणि ही नको म्हणते, या विचारानं त्यांना चक्क राग आला. ज्याला भूक नाही त्याच्या ताटात वाढलेलं पाहून उपाशी माणसाला येतो, तसला राग.

“वेडी आहेस का?” बाई म्हणाल्या. “इथे राहून काय मिळणार आहे? माझ्याकडे बघ. सासूच्या हाताखाली जन्म काढणार? तिकडे गेल्यावर माणसं बदलतात. आणि नाही बदलला, तरी ती जागा अशी नाही. तिकडे घरांच्या भिंती एवढ्या पातळ असतात, की शेजारी शिंकला तरी ऐकू येतं. टूताई सांगते ना मला. जरा आवाज झाला की लोक धावून येतात, पोलीस बोलावतात. इथल्यासारखं नाही, नवरा-बायकोचं भांडण म्हणून दारं लावून घ्यायची.”

“खरंच धावून येतात?”

“येतात तर.”

“तुम्ही बघितलंय?”

बाई कधी तिकडे गेल्या नव्हत्या. भिंती पातळ असतात एवढंच टूताईनं सांगितलं होतं, तेही शेजाऱ्याच्या घोरण्यावरून. धावून येण्याचं बाईंनी पदरचं घातलं होतं.

“बघितल्यासारखंच आहे,” त्या म्हणाल्या.

वर कायम लिहिलेलं ‘येस’ सोडून मुलीनं उरलेला फळा पुसून काढला, फडकं झटकलं आणि मग म्हणाली, “नो, थँक यू.” म्हणाली ती दात आवळून, कुणाला ढकलून द्यावं तशी.

“असं नाही गं अंगावर जायचं,” बाई हसून म्हणाल्या. विद्यार्थिनी वळली याचा त्यांना आनंद झाला होता. “परीक्षक नाराज होतो. गोड म्हण. सूर शेवटी वर जाऊ दे. नो, थँक यू!”

“नो, थँक यू!” मुलगी गोड म्हणाली. सूर शेवटी छान वर गेला.

ती पास झाली. नुसती पास नाही, वर्गात त्या वर्षी सगळ्यांपेक्षा जास्त मार्क तिला. टेल मी अबाउट युवर हजबंड म्हटल्यावर ती हसली म्हणे, येस म्हणाली, आणि माय हजबंड इज अ गुड मॅन. सासू मिठाईचा खोका घेऊन जिना चढून आली, वळणावर डोकं आपटलं तरी हसत राहिली. “तुमच्या हाताला यश आहे, बाई,” म्हणाली. बाईंनी खोका उघडून आधी मुकीपुढे धरला. ती म्हणाली, “नो, थँक यू!” सूर शेवटी वर. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. किल्लीवाला आपला वाटा न्यायला वर आला होता, तोही म्हणाला, “वा! मुकी बोलायला लागली की.”

मग ती गेली. जिन्याच्या वळणावर थांबून तिनं एकदा वर पाहिलं होतं. बाईंनी हात हलवला. तिनंही हलवला, तो वाकडा.

पुढे काही महिने नवे चेहरे, जुनी वाक्यं. टूताईचा फोन आला तो भर वर्गात, दुपारी. बाईंनी हसतच उचलला. येस बाई, मी टू, हे ऐकायच्या तयारीत. पलीकडे नुसता श्वास येत होता.

“बाई,” टूताई म्हणाली, “ती मुकी, तुमच्याकडून इकडे आलीय म्हणून तुम्ही मागे फोनवर सांगितलं होतंत ना? मनगट वाकडं?”

बाईंनी बायकांना हातानं गप्प केलं.

“आमच्या इस्पितळात आणली होती. आपल्या भाषेतलं कुणी हवं म्हणून मला झाडू बाजूला ठेवायला लावून आत नेलं. पण ती बोलायच्या पलीकडे होती, बाई. मी हात धरून बसले. तुमचं नाव घेतलं, म्हटलं आपण एकाच बाईंच्या. ऐकू गेलं का कुणास ठाऊक. सकाळी गेली ती. नवऱ्याला धरलंय. तो म्हणतो जिन्यावरून पडली.”

बाई फोन घेऊन खिडकीशी गेल्या.

“अजून एक आहे,” टूताई म्हणाली. “सांगू की नको कळत नाही. शेजारची एक म्हातारी आली होती, फुलं घेऊन. व्हरांड्यात बसून रडत होती. मला म्हणाली, भिंतीतून आम्हाला कितीदा आवाज यायचा. मोठ्यानं यायचा. मी विचारलं, मग गेला का नाहीत? तर म्हणते, ती ओरडायची ते नो, थँक यू, नो, थँक यू असं. आम्हाला वाटलं दारावर कुणी काही विकायला येत असेल. तिचा म्हातारा तर थट्टेनं म्हणायचा, काय सभ्य बाई आहे शेजारी. बाई, ती आपल्याच भाषेत बोंबलली असती ना, तर निदान बोंबलतेय एवढं तरी त्यांना कळलं असतं. भिंतीपलीकडच्यांना समजावं म्हणून पोरीनं इंग्रजीत हाका मारल्या.” टूताईला हुंदका आला. “आणि हे नो, थँक यू तिला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. आपल्या परीक्षेत तर नव्हतं ते.”

बाईंनी फोन ठेवला. वर्गातल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या, आणि आरशात त्या बायकांच्या पाठी दिसत होत्या. बाईंनी “घरी जा” म्हटलं. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या हाताला यश आहे म्हणजे काय.

त्या सासूकडे गेल्या. का गेल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तिला दोष द्यायला, की आपला अर्धा दोष तिच्याजवळ ठेवून यायला. सासूनं दार पुरतं उघडलं नाही. फटीतून म्हणाली, “आमच्या मुलाला गोवलंय. धांदरट होती, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं नव्हतं?”

“तुम्हाला माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “मनगट कसं मोडलं ते तुम्हाला माहीत होतं.”

“आणि तुम्हाला नव्हतं?” सासू म्हणाली. “आमच्याकडे होती तोवर दोनदा नापासच झाली होती की. पास तुम्ही केलंत.”

दार बंद झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणून झटकून टाकावं, तर बोंब खरी होती. मुलीनं अख्ख्या जगात एका माणसाला विश्वासानं विचारलं होतं, की मला नापास होता येईल का. त्या माणसानं तिला सूर शेवटी वर न्यायला शिकवलं.

आठवडाभर वर्ग बंद राहिला. बायका जिन्यापर्यंत येऊन परत जायच्या. किल्लीवाला त्यांना सांगायचा, बाईंना बरं नाही. मग एका सकाळी बाईंनी खोली उघडली. भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून आरशामागे ठेवलं. फळ्यावर सगळ्यात वर कायमचं लिहिलेलं ‘येस’ होतं, इतकी वर्षं कुणी पुसलं नव्हतं. फडक्यानं जाईना, तेव्हा पाण्यानं पुसलं.

“आजपासून पहिला शब्द वेगळा,” त्या म्हणाल्या. “हेल्प. म्हणजे वाचवा. नको असेल तर हेल्प. हात उगारला तर हेल्प. म्हणा.”

“हेल्प,” बायका म्हणाल्या, हसून, सवयीनं.

“हसायचं नाही!” पट्टी अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. “गोड म्हणायचं नाही. पोटातून म्हणा. भिंत फोडून पलीकडे गेलं पाहिजे.”

“बाई, हे परीक्षेत येतं?” एका नव्या मुलीनं विचारलं.

“येतं,” बाई म्हणाल्या.

दोन-चार वेळा नुसतीच कुजबुज झाली. मग एकीचा आवाज फुटला, तिच्यामागोमाग दुसरीचा, आणि सगळ्या एकदम ओरडल्या, “हेल्प!” खालचं यंत्र थांबलं. जिन्यावर धडधड पावलं आली, वळणावर डोकं आपटल्याचा आवाज आला, आणि किल्लीवाला हातातल्या कानशीसकट दारात उभा राहिला. धाप लागलेली, चेहरा पांढराफटक.

“काय झालं? कोण पडलं?”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. कुणीतरी आलं होतं. आवाज झाला आणि माणूस धावत आला, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आपण तेव्हा अगदीच खोटं बोललो नव्हतो, असं क्षणभर वाटून गेलं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “धडा आहे.”

“असला कसला धडा, बाई! काळजाचं पाणी झालं माझ्या.” कपाळ चोळत तो खाली गेला.

दुसऱ्या दिवशी बायका ओरडल्या तेव्हा यंत्र थांबलं, थोडा वेळ थांबून राहिलं, आणि परत सुरू झालं. जिन्यावर कुणी आलं नाही. बाईंनी पुन्हा ओरडायला लावलं. नव्या मुलीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तिचा आवाज आता खरोखरच ऐकवत नव्हता. आठवड्यानं तर यंत्र थांबायचंही बंद झालं.

एकदा ओरडून झाल्यावर बाई खिडकीशी आल्या. खाली दुकानासमोर एक गिऱ्हाईक घाबरून वर बघत होतं. “अहो, वर बायका ओरडतायत!” ते किल्लीवाल्याला म्हणालं.

“त्याचं काही नाही हो,” किल्लीवाला किल्ली घासता घासता म्हणाला. “रोजचंच आहे ते. द्या, दुसरी किल्ली द्या.”

बाईंनी खिडकी आणखी उघडली आणि बायकांकडे वळल्या. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

बायका पुन्हा ओरडल्या. खाली यंत्र चालूच होतं.